बापाचे खत, मुलाची फारकत

आज ‘फारकत’ म्हटले की घटस्फोटच आठवतो. पण हा शब्द मूळचा वहीखात्यातला. अरबी ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख. देणे फिटले, तुझ्याकडे आता माझे काही राहिले नाही, असे घेणेकऱ्याने लिहून दिलेला कागद म्हणजे फारिगखत. मराठीच्या तोंडी त्याचे फारखत झाले, फारखती झाले आणि शेवटी फारकत झाले. कर्ज घेताना खत लिहून द्यायचे आणि फेडल्यावर फारखत लिहून घ्यायचे, असा हा व्यवहार. आज बँकेत किंवा सोसायटीत आपण बेबाकी दाखला मागतो तो या फारखतीचाच वारस. आणि याच भाषेत दुसरा एक शब्द आहे, ऋणानुबंध. आता तो मायेचा शब्द झाला आहे, निरोपसमारंभात आणि लग्नाच्या भाषणात तो हमखास येतो. पण त्याची फोड केली तर आत ऋण आहे, आणि मागच्या जन्मीचे देणेघेणे या जन्मी माणसांना एकमेकांशी बांधून ठेवते अशी कल्पना आहे. देणे जन्मोजन्मी पाठ सोडत नाही असे मानणारी आणि देणे संपल्याचा कागद मागून घेणारी माणसे एकच मराठी बोलत आली. बापाच्या कर्जाचा प्रश्न या दोन समजुतींच्या मधोमध उभा आहे.

कर्ता माणूस जातो. दहावा-तेरावा उरकत नाही तोच ओसरीवर कुणीतरी येऊन बसते. आवाज चढवलेला नसतो, बोलणे हळहळीचेच असते. एवढेच विचारलेले असते की, बाबांच्या त्या रकमेचे काय करायचे, आणि खिशातून एक मुद्रांक निघतो. घरातला मोठा मुलगा, किंवा पदर सावरत दाराशी उभी असलेली बाई, त्या कागदावर सही करते. फसवणूक झाली म्हणून नव्हे, तर गेलेल्या माणसाचे नाव खाली पडू नये म्हणून. ही सही टोचणीची असते. आणि या टोचणीला कायद्यात आधार नाही, धर्मशास्त्रातही तो मानला जातो तितका नाही. वचन ज्याने दिले त्याला आणि त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेला ते बांधते. मुलाच्या घामाला, सुनेच्या दागिन्यांना, नातवाच्या शाळेला बांधत नाही. एवढे समजायला आपल्या समाजाला फार काळ लागला आणि त्या काळात फार माणसे भरडली गेली. म्हणून हा इतिहास माहीत असायला हवा.

परंपरेपासूनच सुरुवात करू, कारण टोचणी तिथूनच येते. तैत्तिरीय संहितेत म्हटले आहे की ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संततीने. ‘पुत्’ नावाच्या नरकातून तारतो तो पुत्र, ही व्युत्पत्ती तर कीर्तनातून घरोघरी पोचली. स्मृतिकारांनी पुढचे पाऊल टाकले: कर्ज न फेडता मेलेला माणूस पुढच्या जन्मी घेणेकऱ्याच्या घरी दास किंवा जनावर होऊन राबतो. मग मुलाने बापाचे देणे फेडणे ही बापाच्या परलोकाची काळजी ठरली. इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी याच कर्तव्याला कायद्याचे रूप दिले. पण इथे थांबून त्याच स्मृतींमधली पुढची पाने वाचायला हवीत, आणि ती सहसा वाचली जात नाहीत. याज्ञवल्क्य सांगतो की दारूसाठी, जुगारासाठी, कामवासनेपायी केलेले कर्ज मुलाने फेडायचे नाही. दंडाची आणि जकातीची बाकी फेडायची नाही. कुणाला उगाच कबूल केलेली देणगीही द्यायची नाही. बृहस्पती सांगतो की बापाचे कर्ज व्याजासह, आजोबाचे नुसते मुद्दल, आणि पणजोबाचे काहीच नाही. आणि सगळ्यांवर दामदुप्पटीचा नियम होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही, शंभराचे फार तर दोनशे. ज्यांनी मुलाच्या खांद्यावर हे ओझे ठेवले त्यांनीच ते मोजून ठेवले होते. कशासाठीचे कर्ज, किती व्याज, किती पिढ्या, या तिन्ही बाजूंनी त्याला कुंपण होते. लोकांच्या मनात कर्तव्य तेवढे उरले, कुंपण विसरले गेले.

ते विसरायला आपल्या आवडत्या कथांनीही हातभार लावला असे मला वाटते. सत्यवचनी राजा म्हटला की हरिश्चंद्र. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला पूर्ण लांबीचा भारतीय चित्रपट काढला तोही याच राजावर, इतकी ही कथा मनात मुरलेली. विश्वामित्राला कबूल केलेली दक्षिणा द्यायला पैसे नाहीत, म्हणून राजा काशीच्या बाजारात उभा राहतो. स्वतःला तो विकतोच, पण त्याआधी तारामती आणि रोहिदास विकले जातात. शब्द कुणाचा होता? राजाचा. त्याची किंमत आधी कुणी मोजली? ज्यांनी शब्द दिलाच नव्हता त्यांनी. कथेत शेवटी देव प्रकट होतात, मेलेला मुलगा उठतो, राज्य परत मिळते, आणि आपण डोळे पुसत उठतो. व्यवहारात देव प्रकट होत नाहीत. तारामती तिथेच पाणी भरत राहते. सत्यवचनाचा मला आदर आहे, पण या कथेत ज्या क्षणी बायको आणि मूल बाजारात उभे राहतात त्या क्षणी राजाचे वचन त्याचे उरत नाही, एवढे तरी स्पष्ट म्हणायला हवे.

आता कागदाकडे वळू. १८५५ मध्ये इंग्रज सरकारने व्याजावरची कायदेशीर मर्यादा उठवली. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला, त्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरवली. हेतू चांगला होता. जुन्या व्याजाचे डोंगर साचू नयेत, ठरावीक मुदतीत दावा लागला नाही तर तो मेला असे समजावे. पण पुणे आणि नगर जिल्ह्यांत हा उपाय उलटला. तिसरे वर्ष सरत आले की सावकार कुळाला बोलावून नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज नव्या खतात मुद्दल म्हणून येई आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू होई. हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज ७२, म्हणजे नवे खत १७२चे. सहाव्या वर्षी ते २९६चे होते, नवव्या वर्षी ५०९चे, आणि बाराव्या वर्षी ८७५चे. मधल्या काळात घरात एक पैसाही नवा आलेला नसतो. दामदुप्पटीने हा आकडा दोनशेवर अडला असता, पण प्रत्येक नव्या खतात व्याजाचेच मुद्दल झाल्यावर ती मर्यादा कागदावर कुठे दिसतच नाही. मुदतीचा कायदा देणेकऱ्याला सोडवण्यासाठी होता, त्यातून त्याला दर तीन वर्षांनी नव्याने बांधण्याची तिथी निघाली. लिहिणारा सावकार, वाचणारा सावकार, कुळाचा फक्त अंगठा किंवा नांगराची निशाणी. दिलेल्या हप्त्याची पावती मिळत नसे, आणि फेडलेल्या कर्जाची फारखत तर त्याहून दुर्मिळ.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार मागेल तितके कर्ज देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, पाठोपाठ सरकारने शेतसारा वाढवला, आणि सावकारांनी हात आखडता घेतला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावात सावकारावर बहिष्कार पडला. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, बाजारच्या दिवशी, लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तिथून हे लोण तीसेक गावांत पसरले. या उठावात जे घडले त्यापेक्षा जे घडले नाही ते मला जास्त बोलके वाटते. लोक खते मागत होते. खते हाती आली की ती जाळली जात, आणि कागद निमूटपणे दिले गेले तिथे बहुधा माणसाच्या अंगाला हात लागला नाही. अखेर ९५१ जणांना अटक झाली. जाळलेल्या प्रत्येक खतामागे एक न मिळालेली फारखत होती, असे या घटनेकडे पाहिले पाहिजे. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे एक प्रकरण आले, त्यात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावले होते. ज्या समाजाच्या शास्त्रात शंभराचे व्याज शंभरावर थांबत होते, त्याच समाजातला हा आकडा.

या उठावाच्या नऊ वर्षे आधी, १८६६ मध्ये, मुंबई सरकारने एक छोटासा कायदा केला होता. त्याची आठवण फार कमी ठेवली जाते. मुंबई इलाख्यात तोवर अशी समजूत होती की बापाने काही मागे ठेवले असो वा नसो, त्याचे कर्ज मुलाने स्वतःच्या कमाईतून फेडायचे. १८६६च्या मुंबईच्या सातव्या कायद्याने, हिंदू वारसांना दिलासा देणाऱ्या कायद्याने, हे बंद केले. वारसाच्या हाती पूर्वजाची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. आणि त्याच कायद्यात आणखी एक तरतूद होती: विधवेशी लग्न केले एवढ्याच कारणाने दुसऱ्या नवऱ्यावर पहिल्याच्या कर्जाची जबाबदारी येणार नाही. हे वाचून आज आश्चर्य वाटते, पण स्मृतींमध्ये जो बायको नेतो तो कर्जही नेतो असा नियम होताच. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा दहाच वर्षे झाली होती. बाईचे दुसरे लग्न कायद्याने मोकळे झाले आणि तिच्याबरोबर मेलेल्या नवऱ्याचे खत नव्या घरात गेले असते, तर तिच्याशी लग्न करायला पुढे कोण आले असते? एका ओझ्यातून सोडवायचे तर त्याला बांधलेले दुसरे ओझेही सोडावे लागते, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना दिसले होते. उठावानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्याने शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात घालणे बंद केले आणि न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ देणे किती, व्याजाचे व्याज किती, हे उकरून पाहण्याचा अधिकार दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून वर्षानुवर्षे काम केले. कागदावर अंगठा आहे म्हणजे विषय संपला, ही समजूत तिथे पहिल्यांदा मोडली.

तरीही एक फट राहिली होती. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाला जन्मतःच हिस्सा असे, आणि बापाच्या वैयक्तिक कर्जासाठी मुलाचा तो हिस्साही विकता येई, कारण बापाला ऋणमुक्त करणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य. १९२०च्या दशकात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ब्रिजनारायण खटल्यात हे तत्त्व पक्के केले आणि बाप जिवंत असला तरी ते लागू होते असे म्हटले. हा जावईशोध होता असे मला वाटते. परलोकातल्या बापाला सोडवण्यासाठी सांगितलेले कर्तव्य इहलोकातल्या, धडधाकट बापाच्या घेणेकऱ्याच्या उपयोगाला लावले गेले. ही फट बुजायला २००५ साल उजाडावे लागले. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्याची जी दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, तिच्यातच हे कलम आहे. त्या तारखेनंतरच्या कर्जासाठी केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारे मुलावर, नातवावर किंवा पणतवावर दावा मान्य होणार नाही. मुलींच्या हक्काची बातमी घरोघरी गेली, आणि तसे व्हायलाच हवे होते. शेजारचे हे कलम मात्र कुणी वाचून दाखवले नाही.

वचन माणसाच्या हाताबाहेर गेले की ते कुठवर जाते याचे टोक पाहायचे तर जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांकडे पाहावे लागते. लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून थोडी रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे. अशा गड्याला नावच होते, लग्नगडी. मजुरीतून मुद्दल कधी कापले जात नसे, त्यामुळे ‘फिटेपर्यंत’ म्हणजे मरेपर्यंत. जिच्याशी लग्न केले ती बायकोही त्याच वाड्यावर राबायला लागे. आयुष्यातला आनंदाचा एक दिवस, आणि त्याच दिवशी दोन माणसांचे आयुष्य गहाण. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठ आणि लग्नगड्याची पद्धत नाकारली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सारे नोंदवले आहे. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर अशी कर्जे रद्दच ठरवली, म्हणजे बांधलेला मजूर सुटला आणि त्याच्या नावावरचे देणेही गेले. इतिहासात हे काही नवे नव्हते. अथेन्समध्ये सोलोनने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसाचे शरीर तारण ठेवून कर्ज देण्यावर बंदी घातली होती.

यावर पहिला आक्षेप घेणेकऱ्याच्या बाजूने येतो, आणि तो खोटा नाही. वारस सुटणार असतील तर कर्ज देईल कोण? १८७९च्या कायद्यानंतर असे झालेही: सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि जमीन आधीच नावावर करून घेऊ लागले. संरक्षण देणारा कायदा गरजवंताला बाजारातूनच बाहेर ढकलू शकतो, हे मान्य करायला हवे. पण कुळाच्या मुलानातवंडांवर भिस्त ठेवून कर्ज देणारा सावकार समोरच्या माणसाची फेडण्याची ऐपत तपासतच नाही. त्याची वसुली पुढच्या पिढीवर अवलंबून असते, म्हणून तो बुडणाऱ्यालाही देत राहतो. वारस मोकळा आहे हे ठाऊक असलेल्या बँकेला मात्र पीक पाहावे लागते, तारण पाहावे लागते, कर्जाचा विमा उतरवावा लागतो. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला तो ही पोकळी भरून काढायला. मुलाला मोकळे करण्याची किंमत म्हणून सावध आणि स्वस्त कर्जाची दुसरी व्यवस्था उभी करावी लागते. ती जिथे उभी राहिली नाही तिथे लोक आजही दरमहा शेकडा पाचने पैसे उचलतात. हा दोष व्यवस्था न उभारणाऱ्यांचा आहे, मुलाला सोडणाऱ्या तत्त्वाचा नाही.

दुसरा आक्षेप लबाडीचा. बाप मरण्याआधी जमीन मुलाच्या नावावर करून टाकेल आणि घेणेकरी हात चोळत बसेल. यावर १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच उपाय आहे. घेणेकऱ्यांना बुडवण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर ते न्यायालयात रद्द करून घेऊ शकतात. एवढ्यावर हा आक्षेप मिटतो.

तिसरा आक्षेप मात्र काळजाला भिडणारा आहे आणि तोच बहुतेकांना गप्प करतो. बापाने कर्ज काढले ते कुणासाठी? मुलाच्या शिक्षणासाठी, मुलीच्या लग्नासाठी, घरातल्या आजारपणासाठी. त्या पैशाची भाकरी मुलांनी खाल्ली, मग आता अंग कसे झटकायचे? या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. कर्जातून जे उरले, म्हणजे विहीर, घर, बैलजोडी, जमीन, ते वारसाच्या हाती येते आणि तेवढ्यापुरता तो देणे लागतोच. कायदा इथे कुणाला फुकट काही देत नाही. उरला प्रश्न खाल्लेल्या भाकरीचा. लेकरांना वाढवणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, कायद्यानेही आहे. ज्याला कर्तव्य म्हणून भरवले त्याच्याकडून त्या घासाची परतफेड मागता येत नाही. आठ वर्षांच्या पोराने भाकरी खाताना कुठल्याही खतावर सही केलेली नसते. त्या भाकरीबद्दल त्याने आयुष्यभर कृतज्ञ राहावे, त्याला आपण पांग फेडणे म्हणतो. पण पांग आईबापाचे फेडायचे असतात, सावकाराचे नाही. या दोन गोष्टींची गल्लत करूनच ओसरीवर बसलेला माणूस सही मिळवतो.

आणि तरीही एखाद्याला बापाचे देणे फेडायचेच असेल तर? शेजाऱ्याने दवाखान्यात हातउसने पैसे दिले होते, कागद ना पत्र, मुदत उलटून गेलेली. ते पैसे मुलाने परत केले तर त्याहून सुंदर काय? आपल्या कायद्यानेही या भावनेला जागा ठेवली आहे. मुदत संपली की न्यायालयाचा दरवाजा बंद होतो, पण देणे नाहीसे झाले असे कायदा म्हणत नाही. १८७२च्या करार कायद्यातल्या पंचविसाव्या कलमानुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन देणेकऱ्याने स्वतःच्या सहीने, लेखी दिले तर ते पुन्हा पक्के ठरते. म्हणजे कायदा जबरदस्तीतून सोडवतो आणि सचोटी माणसाच्या हाती ठेवतो. फरक एवढाच पडतो की आता ती सचोटी असते, पूर्वी तो धाक होता. मोकळ्या माणसाने दिलेले शंभर रुपये आणि धास्तावलेल्या माणसाकडून काढलेले शंभर रुपये यांची वहीत नोंद सारखीच होते, घरात मात्र होत नाही. मुलीची शाळा सोडवून फेडलेले कर्ज सचोटीत मोडत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

सोडण्याचा अधिकार घेणेकऱ्यालाही असतो, हे आपण जवळपास विसरलो आहोत. देहूच्या मोऱ्यांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. मोठ्या दुष्काळानंतर तुकोबांनी कुळांची खते काढली, अर्धी भाऊ कान्होबाच्या वाटणीला दिली आणि स्वतःच्या वाटणीची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. यात एक बारकावा आहे. भावाचा वाटा त्यांनी बुडवला नाही, कारण तो त्यांचा नव्हता. ज्याचे घेणे त्यानेच सोडावे, दुसऱ्याचे आपण सोडू शकत नाही. करार कायद्याचे त्रेसष्टावे कलम हेच सांगते: ज्याला वचन दिले तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडून देऊ शकतो, आणि त्याबद्दल मोबदला मिळायलाच हवा असे नाही. पाच हजारांपैकी दोन हजार घेऊन घेणेकरी ‘मिटले’ म्हणाला तर सगळे मिटले, असे उदाहरण त्या कलमाखालीच दिले आहे. इंग्लंडच्या कायद्यात हे इतके सोपे नाही, आपल्याकडे आहे.

म्हणून शब्दही जपून वापरायला हवेत. ‘कर्जमाफी’ या शब्दात गुन्हा गृहीत धरलेला असतो, माफी गुन्हेगाराला मिळते. शरद जोशी आणि शेतकरी संघटनेने ‘कर्जमुक्ती’ हा शब्द लावून धरला तो यासाठीच. शेतमालाचे भाव धोरणाने पाडले जात असतील तर त्यातून झालेल्या कर्जाची लाज शेतकऱ्याने का बाळगावी, असा त्यांचा सवाल होता. २०१९च्या राज्याच्या योजनेच्या नावातही ‘कर्जमुक्ती’ आहे. सरसकट कर्जमुक्ती योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना वजन आहे. पण ज्याने कर्ज काढलेच नाही, त्या मुलाला किंवा विधवेला माफीही नको आणि मुक्तीही नको. त्यांना फक्त हे सांगणारे कुणी हवे की हे देणे त्यांचे नव्हतेच.

तेव्हा आज हिशेब असा आहे. गेलेल्या माणसाचे कर्ज आठ लाख आणि त्याने मागे ठेवलेली मालमत्ता तीन लाखांची असेल, तर वसुली त्या तीन लाखांपर्यंतच होऊ शकते. मुलाचा पगार, सुनेचे स्त्रीधन, विधवेची स्वतःची कमाई यांना हात लावता येत नाही. मात्र जमिनीवर बोजा असेल तर तो जमिनीबरोबरच येतो. म्हणून वारस नोंद करताना सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना नीट वाचा, आणि तुम्ही स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर ती सही तुमचीच आहे हेही विसरू नका. खासगी सावकार आला तर परवाना दाखवा म्हणा. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि त्यातून बळकावलेल्या जमिनीबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. आणि तुमच्या आळीत कुणाचा कर्ता माणूस गेला असेल, तर तेरा दिवस त्या घरी कुणीतरी लिहितावाचता माणूस बसू द्या. पुढे आलेल्या कुठल्याही मुद्रांकावर त्या घरातल्या कुणालाही सही करू देऊ नका. एकदा ती सही झाली की बापाचे कर्ज बापाचे राहत नाही. ते सही करणाऱ्याचे स्वतःचे, नवे वचन आहे असे सांगायला न्यायालयात घेणेकऱ्याला आधार मिळतो.